माझं पान कुणी उचललं?

विनूदादा जाऊन आज वर्ष झालं, आणि त्यानं सांगितलेली चूक मला अजून सापडलेली नाही.

शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला होता. "तुझ्या कोडात एका जागी घोटाळा हाय. सोमवारी दाखवतो."

रविवारी सकाळी तो गेला. हार्ट अटॅक.

कुठली जागा? कसला घोटाळा? काहीच माहीत नाही.

विनूदादा ऑफिसात माझा सिनियर. आम्ही कर्नलवर, म्हणजे कम्प्युटरच्या मुख्य कारभाऱ्यावर काम करतो. मेमरीचे तुकडे असतात, त्यांना पेज म्हणतात. कुठलं पेज रिकामं, कुठलं वापरात, कुठल्यावरचा बदल डिस्कवर उतरवायचा राहिलाय, ही नोंद कर्नल ठेवतो. त्या शेवटच्याला डर्टी पेज म्हणतात.

नवीन होते तेव्हा मला यातलं ओ की ठो कळायचं नाही.

दादा म्हणाला, "अगं, पेज म्हणजे पान. पंगत समज की. मांडलेलं पान, वाढलेलं पान, उष्टं पान."

लगेच समजलं! डर्टी म्हणजे उष्टं. मी सगळी डर्टी पेजेस टाकून द्यायचा कोड लिहिला. 🙈

दादानं कपाळावर हात मारला. "अगं बया! टाकलीस व्हय? त्येच्यावर लिवलेलं दुसरीकडं कुठंच न्हाय! आधी डिस्कवर उतरव, मग टाक."

ती चूक तेव्हाच सुधारली. मग ही दुसरी कुठली?

वर्षभर तोच कोड वाचतेय. साहेब म्हणतात, टेस्ट पास झाल्यात, पाठव पुढं. मी अडवून बसलेय.

आणि राग येतो रे दादा. चूक मोठी होती तर सोमवारपर्यंत थांबलास कशाला? आणि बारकी होती तर सुट्टीच्या दिवशी मेसेज कशाला केलास?

आज वडगावला त्याच्या घरी जेवणं होती. पंगत उठत आली म्हणून मी पत्रावळी गोळा करायला लागले. एका पानावर कुणी नव्हतं. उचललं, टाकलं.

तेवढ्यात दादाच्या आई आतून ताकाचा तांब्या घेऊन आल्या.

"माझं पान कुणी उचललं?"

"काकू, मीच. तुम्ही उठलात ना?"

"उठले कुठं? ताक आणाय गेलते. परत बसायचं न्हाय व्हय मी?"

मी तिथंच उभी राहिले.

माझा कोड हेच करतो. पानावर आत्ता कुणी बसलंय का, एवढंच बघतो. कुणी डिस्कवरून काही आणायला गेलंय, परत त्याच पानावर येणार आहे, हे विचारतच नाही. सरळ उचलतो.

काकूंना दुसरं पान वाढलं. काकूंना वाटलं, मी दादासाठी रडतेय. रडत होतेच की. पण नक्की कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

उद्या ऑफिसात जाऊन ती जागा बदलेन. टेस्ट तर आधीही पास होत होत्या, नंतरही होतील. बरोबर आहे का, हे विचारायचं कुणाला?

तुझी खुर्ची वर्षभर कुणाला देऊ दिली नाही मी. तू ताक आणायला गेलायस असंच धरून चालले होते बहुतेक.

भावपूर्ण श्रद्धांजली, विनूदादा.

हीच जागा होती ना?

नुसतं व्हय म्हण की.