लातूरच्या धावपट्टीवरचे तास

वैमानिकाचा एकेक तास नोंदला जातो. किस्से कुणी नोंदत न्हाई, म्हणून ते साचत जातात. मी मूळचा नांदेडचा, लातूरच्या धावपट्टीवर पोरापोरींना विमान उडवायला शिकवतो. माझ्याकडं लई साचलेत.

*

आमचे शेजारी एसटीत ड्रायव्हर. कमर्शियल पायलटच्या लायसनला दोनशे तास उडावं लागतं, असं मी एकदा त्यांना सांगितलं.

"दोनशे? बस्स? एवढ्यावर तर आमच्यात निलंग्याची गाडी पण हातात देत न्हाईत!"

त्या दिवसापासून ते विमानाचं नाव काढत न्हाईत.

*

विमान जागचं हललं की तास सुरू, ते परत येऊन थांबेपर्यंत. हे माझ्याकडं शिकणाऱ्या सचिनला कळलं मात्र, गडी धावपट्टीपर्यंत असा हळूहळू जायला लागला की मागं फक्त बँडबाजा कमी! शेवटी मी रेडिओवर विचारलं, "सचिन, नवरदेव कुठाय?"

"सर, तास भरून राहिलो!"

*

देवणीची वैशाली. तिचे वडील बापूराव, शेतकरी माणूस. त्यांनी पोरीला बजावलं होतं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत लायसनचं समदं पुरं कर. न्हाई झालं तर मी सोयरीक धरतो." बोलले ते बोलले. धावपट्टीकडं एकदाही फिरकले न्हाईत.

कधी अवकाळी, कधी धुरळा, तास काही भरेनात. एक दिवस तिची आत्या थेट माझ्याकडं आली.

"सर, मी काशीला इमानानं गेल्ते. जाऊन-येऊन चार तास झाले आसतील. मला काय करायचेत? पोरीच्या नावावर करा!"

प्रवाशाचे तास चालत न्हाईत, म्हणालो. आत्या तडकली. "सातबाऱ्यावर नाव चढतंय, मंग ह्याला काय धाड भरली?"

*

पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायची आमच्यात रीत हाय. वैशाली तशी उतरली तेव्हा नळाला आठवडाभर पाणी नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "हौस टँकर आल्यावर करा!"

मग पिण्याच्या जारमधून तांब्याभर ओतलं. तिनं फोटो घरी पाठवला. उत्तर आलं न्हाई. पोरीचं तोंड एवढंसं झालं, मलाही वाईट वाटलं.

*

अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस. दोनशे तास झाले होते, पण नियमानं एकटीची लांबची फेरी ऱ्हायली होती. नांदेडला उतरायचं, पुढं आणखी एका गावाला उतरायचं, आन् परत यायचं. आज ही फेरी हुकली की बापूरावांची मुदत संपली. सकाळी धुरळा बसला तसं तिला सोडलं.

दुपारी गेटवर एक टेम्पो थांबला. दुधाचे दोन मोठे कॅन घेऊन एक माणूस उतरला. "वैशालीचा बाप मी." दोघंही आभाळाकडं बघत बसलो. माझा चहा तसाच गार झाला.

विमान टेकलं, थांबलं, पोरगी खाली उतरली. बापूरावांनी पहिला कॅन तिच्या डोक्यावर उपडा केला, मग दुसरा.

"घरच्या विहिरीचं हाय," ते म्हणाले. "तांब्याभर पाण्यात काय व्हतंय!"

वैशाली निथळत तशीच उभी. बापूराव माझ्याकडं वळले. "सर, झालं ना समदं?"

"हे झालं. आता एअरलाइनच्या कॅप्टनचं लायसन पाहिजे असेल तर पंधराशे तास लागतील."

त्यांनी रिकाम्या कॅनकडं पाहिलं.

"मंग विहीर आजून खोल करावी लागन."