गावबंदीचा चहा

आरक्षणाचं आंदोलन पेटलं तेव्हा 'पुढाऱ्यांना गावबंदी' ही पाटी गावातल्या एका काकांनीच रंगवली. डोंगरकडा गावाहून त्यांच्या गावच्या शाळेत शिकवायला जाताना ते मला रोज वेशीवर, त्या पाटीखाली बसलेले दिसतात. दर वाक्यामागे "बराबर?" विचारतात, उत्तराला मात्र थांबत नाहीत.

निवडणुकीत एक जुने पुढारी मतं मागायला आले. काकांनी आडवं उभं राहून गाडी थांबवली. मग पाहुणा बिनचहाचा जाऊ नये म्हणून घरून चहा आणला, आणि वेशीबाहेरच्या दगडावर बसवून तासभर ऐकवलं.

"मत कुणाला दिलं?" मी नंतर विचारलं.

"त्यायलाच. पहिल्यांदा बसून ऐकलं त्यायनं."

"मग पाटी काढा की आता!"

"काहून, गुरुजी? गावात शिरले की ऐकत न्हाईत. बराबर?"

या वेळी ते थांबले. मी वेशीबाहेरच्या त्याच दगडावर टेकलो.