नावाआधीचा ‘दि.’

चहा ती उभ्यानेच प्यायची. बसली तरी एक चप्पल पायातून काढून पुन्हा घालत राहायची. पेपर हातात आला की आधी निधनवार्तांचं पान. फोनवर बोलताना टेबलाभोवती फेऱ्या. नवीन माणसाची ओळख झाली की नुसत्या नावावर भागायचं नाही. “वडिलांचं नाव काय लावता?” हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. काहींना वाटायचं, बाई स्थळ बघतेय.

ऑफिसात तिला चाळणी म्हणत. अगदी तोंडावर. ग्रंथालयाच्या संशोधन विभागात ती सूचीकार होती. काम एकच, एका नावाची माणसं वेगळी करायची. संगणकाला नाव तेवढं कळतं. गुरांच्या रोगांवर लिहिणारा आणि व्याकरणावर लिहिणारा, नाव सारखं असेल तर त्याच्या लेखी एकच. मग असा एखादा विद्वान तयार व्हायचा, जो सातव्या वर्षी पीएचडी होतो आणि मेल्यावरही नेमाने लेख पाठवतो. चाळणी त्याची पुन्हा दोन-तीन माणसं करायची. जुनी दप्तरं, प्रबंधांच्या प्रस्तावना, आभाराच्या ओळी. कोण कुठे जन्मला, कोण कोणाचे आभार मानतो, सही कशी करतो. दोन पुरावे हाती आल्याशिवाय ती कुणालाच कुणाशी जोडत नसे.

साहेब वैतागायचे. “एका नावाची सहा माणसं कशाला सांभाळताय? एक करून टाका आणि मोकळ्या व्हा.”

“करते की. तुमच्या नावाचे एकजण जुन्या दप्तरात आहेत. तीन बायका, दोन फौजदारी खटले. करू एक?”

साहेबांनी पुन्हा विषय काढला नाही.

ही चाळण ती पगारासाठी करायची, तशी दादासाठीही. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. शिक्षण अर्ध्यावर सोडून नकाशे काढायचं खूळ त्याने घेतलं, तेव्हा बाबा म्हणाले, “यापुढे माझं नाव लावू नकोस.” बाबांचं कुठलंच बोलणं दादा कधी मनावर घेत नसे. नेमकं हे घेतलं. बॅग उचलली आणि गेला. त्याचं नाव असं, की रस्त्यात हाक मारली तर चारजण वळून बघतील. सूचीत त्याची खात्रीची नोंद एकच होती. कॉलेजच्या वार्षिक अंकातला एक नकाशा. बाबांच्या नावासकट.

बाबा वारले. आई राहिली, आणि आईचा रोजचा प्रश्न. ही दारात चप्पल काढते न काढते तोच, “लागला का गं पत्ता?”

“बघतेय, आई.”

“नुसती बघतच राहा. जगाची माणसं हुडकतेस, घरचं एक सापडेना.”

दादाच्या नावाचा एकेक माणूस तिने चाळून बाजूला केला होता. त्यात एक नकाशेवालाही होता. भूगोलाच्या एका नियतकालिकात नद्यांच्या जुन्या पात्रांवर लेख होता. शेवटी आभाराची ओळ होती, नकाशे काढून देणाऱ्याच्या नावाची. नाव दादाचंच, आडनावही. पण नावाआधी ‘दि.’ होता. काहीजण वडिलांचं आद्याक्षर असं नावाआधी लावतात, हे तिला माहीत होतं. बाबांचं नाव ‘दि’वरून सुरू होत नव्हतं. म्हणजे हा दुसराच कुणी. तिने त्याची वेगळी नोंद केली. हायसं वाटलं की वाईट, हे तिलाही सांगता आलं नसतं.

यंदा त्याच नियतकालिकाचा नवा अंक टेबलावर आला. पहिल्या पानावर संपादकांचा फोटो. खाली ‘दि.’ आणि मग नाव. संपादकांना ती ओळखत होती. त्यांच्या वडिलांचं नावही ठाऊक होतं, अर्थातच. त्यात ‘दि’ कुठेच नव्हता. मात्र संपादक मागच्या हिवाळ्यात वारले होते.

दि. म्हणजे दिवंगत.

ती उठली. कपाटापर्यंत गेली, परत आली. चहा मागवला, प्यायली नाही. शेवटी नद्यांवर लेख लिहिणाऱ्या प्राध्यापक बाईंना फोन लावला.

“आमचे नकाशेवाले? अहो, गेले ते. लेख छापून यायच्या आधीच. आपण कोण?”

“ग्रंथालयातून बोलतेय. नोंद पूर्ण करायची आहे. वडिलांचं नाव काय लावायचे?”

“लावायचेच नाहीत. एकदा फॉर्म भरताना मी विचारलं, तर हसून म्हणाले, मनाई आहे.”

टेबलाभोवती फिरता फिरता ती थांबली.

“हॅलो? अहो, ऐकताय ना?”

“हो. लिहून घेतेय.”

हातात पेन नव्हतं.

घरी आई मटार सोलत बसली होती. “लागला का गं पत्ता?”

ती आईसमोर बसली. एक शेंग उचलली, सोलली. मग दुसरी.

“बघतेय,” ती म्हणाली.

“आज टेकलीस कशी? बरं नाही का?”

“डोकं दुखतंय.”

“त्या नावांच्या ढिगाऱ्यात बसून दुसरं काय होणार?”

पुढे रोज ती दोन नोंदी समोर उघडायची. कॉलेजातला दादा आणि नकाशेवाला. संगणक विचारायचा, दोन्ही नोंदी एक करायच्या आहेत का? होय, नाही.

“दाब की होय,” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. “पुरावे आहेत ना दोन?”

“आहेत. नकाशे आहेत. ती मनाईही आहे.”

“मग अडलं कुठे?”

“होय म्हटलं की घरी जाऊन आईला सांगावं लागेल.”

“आणि नाही म्हटलंस तर?”

“तर मी खोटी सूचीकार.” तिने दोन्ही नोंदी मिटल्या. “उद्या करते.”

अशाच एका दुपारी, खुर्चीतून उठता उठता ती पुन्हा बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आईला मैत्रिणीनेच सांगितलं. आई म्हणाली, “दादाला कळवा कुणीतरी. तिच्या टेबलावर बघा, पत्ता असेल.”

मैत्रीण “बघते” म्हणाली.

सूचीत ती दोन माणसं अजून वेगवेगळी आहेत. एकाच्या नावाआधी ‘दि.’ आहे. दुसऱ्याच्या जन्मसालापुढे आडवी रेघ, आणि रेघेनंतर जागा मोकळी.