बिनझालरीचा कॉस्च्युम

अप्पांची अट एकच होती. पोहायचा कपडा आणला की आधी त्यांना दाखवायचा. त्यांना बघवला तर मी परीक्षेला बसायचं, नाही बघवला तर कॉलेज बंद आणि मी घरी. अप्पा साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर कामाला होते. दिवसभर गाडीवानांशी हुज्जत घालून त्यांना एक सवय लागली होती, एकदा बोलले की बोलले. घरातही तोच काटा चालायचा.

मी तेव्हा गुलबर्ग्याला शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला होते. ऐंशी साल उलटून गेलं होतं. भालकीजवळच्या आमच्या गावातून, आणि त्यातही आमच्या वस्तीतून, एखादी मुलगी खेळाची मास्तरीण व्हायला निघते याचंच लोकांना हसू यायचं. धावणं, गोळाफेक, कबड्डी हे सगळं मी पंजाबी ड्रेसवर निभावलं होतं. शेवटी पोहणं आलं आणि आमच्या मॅडमनी सगळ्या मुलींना एका रांगेत उभं करून सांगितलं, "सलवार चालणार नाही. कॉस्च्युम नाही तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर पास नाही." मॅडम कानडी होत्या, मराठी मोजकं बोलायच्या आणि त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागायचं.

पोहण्याची मला भीती नव्हती. आमच्या रानातल्या विहिरीत मायनं मला लहानपणीच पाण्यात ढकललं होतं. छातीशी जुना परकर बांधायचा आणि उडी मारायची. तिथं बघायला कोण होतं? बांधावरची बकरी. भीती होती ती कपड्याची. तो मिळेल कुठं, दिसेल कसा, आणि अप्पांपुढं धरायचा कसा, या विचारानं माझी झोप उडाली होती.

गुलबर्ग्याच्या दुकानात बायकांचा कॉस्च्युम मागितला तर दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि क्रिकेटची बॅट दाखवली. मग मी आणि माय भालकीहून गाडीत बसून हैदराबादला गेलो. शेजारणीला मायनं सांगितलं होतं, पोरीचे डोळे दाखवायला जायलाव. खोटं बोलताना माय डोळ्याला डोळा देत नसे, त्यामुळे शेजारणीला मायचेच डोळे गेलेत असं वाटलं असणार.

खेळाच्या सामानाचं ते दुकान अरुंद होतं. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. "क्या होना अम्मा?" त्यांनी विचारलं. मायनं पदर सारखा केला आणि आपल्या दखनीत एका दमात सांगून टाकलं, "छोरी कू पानी में पैरने का कपडा होना." चाचा हसले नाहीत. शिडी लावून त्यांनी फळीवरचं एक खोकं खाली काढलं, आमच्यापुढं ठेवलं आणि स्वतः रस्त्याकडं तोंड करून बसले. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेले नाही. माझे कान इतके तापले होते की त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं असतं तरी मी पळून गेले असते.

सगळ्यात वर एक आकाशी रंगाचा होता, त्यावर पांढरी फुलं. फार सुरेख. मी तो उचलला. मायनं चाचांकडं पाणी मागितलं. त्यांनी तहान लागली समजून पेला भरून दिला. मायनं त्यातलं पाणी सरळ त्या फुलांवर ओतलं, ओलं कापड आपल्या मनगटावर ताणलं आणि उजेडाला धरलं.

"अरे अरे, क्या करे अम्मा!" चाचा ओरडले.

"वल्लं झाल्यावर कसं दिसतंय ते बघायचं," माय मला म्हणाली. "कोरडं तर समदंच चांगलं दिसतंय. बघ, बांगड्या दिसायल्यात."

खरंच दिसत होत्या, हिरव्याच्या हिरव्या. चाचांनी उसासा टाकून तो आकाशी कॉस्च्युम खिळ्याला वाळत घातला आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं.

मग एक निळा निघाला, कमरेला झालर लावलेला. चाचा मागं न वळता म्हणाले, "झालरवाला लेओ अम्मा. शरीफ घरां की लडक्यां येच लेते." मायचा चेहरा एकदम सैल झाला. तिला अप्पा दिसले असणार, झालरीकडं बघून मान डोलावणारे. मलाही तेच दिसले. एवढा एक कपडा घेतला की सगळं सुरळीत होणार होतं. पण मी तो हातात घेतला आणि त्याचं वजनच सांगत होतं की हा मला बुडवणार. परकराचं पाण्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. आधी फुगतो, मग पाणी पितो, मग पायाला धरून मागं ओढतो. परीक्षेत ठरलेल्या वेळात तलाव पार करायचा होता. आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. मी मुळातच रुंद. झालर लावून मी पाण्याच्या पिंपासारखी दिसले असते. मला चांगलं दिसायचं होतं. हे मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

खोक्याच्या तळाशी एक गडद जांभळा होता. झालर नाही, फुलं नाही. दोन्ही काखेतून कमरेकडं तिरकी शिवण उतरलेली, पाठीवर रुंद पट्ट्यांची फुली, आणि मांडीशी कापड फार वर कापलेलं नाही. मायनं त्याच्यावरही पाणी टाकून बघितलं. काही दिसलं नाही. घालून बघायला जागा नव्हती, म्हणून तिनं मला पाठमोरी उभं केलं आणि ड्रेसवरूनच खांद्यापासून खाली वितीनं माप घेतलं. मग तीच वीत कापडावर लावली. "उंचीला कमी पडला की खांद्यात काचंल आन् खालून चढंल," ती म्हणाली. माय ब्लाउजसुद्धा हातानं शिवायची, तिला कळत होतं.

"माय, खांदे लई दिसतेत यात," मी म्हणाले.

"दिसू दी की. खांदेच तर चांगले हायत तुझे."

पाणी शेंदून आणि गोळा फेकून झालेले ते खांदे मी कायम ओढणीखाली लपवत आले होते. त्या दुकानात मी ओढणी जरा मागं सारली.

"अन् अप्पा?" मी नंतर विचारलं.

माय बराच वेळ झालर चाचपत राहिली. "तुला पवायचंय का चांगलं दिसायचंय?"

"दोनी."

ती हसली आणि झालरवाला खोक्यात परत टाकला. येताना गाडीत मात्र तिचं हसू गेलं होतं. पिशवी मांडीवर घेऊन ती बिदर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

अप्पा कामावरून आले, हातपाय धुऊन खाटेवर बसले. मी कॉस्च्युम दोन्ही पट्ट्यांना धरून त्यांच्यापुढं धरला. ही आमची चूकच झाली. ताणणारं कापड अंगाबाहेर असलं की आक्रसून एवढंसं होतं. माझ्या हातात ते एखाद्या पोराच्या बनियनसारखं लोंबत होतं.

"हे कुणाचं? लेकराचं?"

"माझंच अप्पा. ताणतंय ते."

"ताणून ताणून किती ताणंल?"

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ओरडण्याला माझ्याकडं उत्तर कायम तयार असायचं. पण ते हळू आवाजात बोलायला लागले. "माझ्या मायला गुडघ्याच्या खाली लुगडं सोडायची सोय न्हवती. आपल्या बायकांनी सोडलं की वरच्या गल्लीतली माणसं इचारायची, कामून गं, लई मोठी झालीस व्हय? माझ्या लग्नात ती पैल्यांदा घोट्यापोतर लुगडं नेसली. दिवसभर वाकून वाकून सोताच्या पायाकडं बघायली. आन् तू आता मांड्या उघड्या टाकून त्याच लोकापुढं हुबी ऱ्हाणार?"

मी आजीला पाहिलेलं नव्हतं. तरी तिचे पाय मला दिसले. अप्पांचं खरं होतं. आणि माझंही खरं होतं, म्हणून तर मी जास्त चिडले.

"तवा झाकायची सोय न्हवती," मी म्हणाले, "आता उघडायची न्हाई. मंग आपल्या अंगाचं ठरवतंय कोण, अप्पा?"

ते उठले. "मला हे बघवना. कॉलेज बास." आणि न जेवता बाहेर गेले.

मायनं माझ्या हातातून कॉस्च्युम घेतला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. तिनं माझी बाजू घेतली नाही याचा मला इतका राग आला की मी तिच्याकडं पाठ करून बसले.

सकाळी उजाडल्यावर मात्र तीच तो कपडा घेऊन माझ्यापुढं आली. "रानात चल. घडी मोडायची हाय."

आमच्याकडं नवं लुगडं आणलं की स्वतः लगेच नेसत नाहीत. आधी जवळच्या एखाद्या बाईला एकदा नेसायला देतात. तिनं घडी मोडली की मग आपण. माझ्या जन्माआधीच घरानं धम्म घेतला होता. देव गेले, देव्हारा गेला, उपासतापास गेले, पण घडी मोडायची रीत कुणी काढली नाही, कारण तिच्यात देव नव्हता, नुसती माया होती.

"माय, हे काय लुगडं हाय का? आन् कॉलेजच बंद झालंय की."

"नवं कापड हाय का न्हाई? मंग त्याची घडी म्या मोडणार."

विहिरीवर अप्पा होते. मोटर सुरू करायला ते कामावर जायच्या आधी रानात यायचे. मला वाटलं, ते जाईपर्यंत माय थांबेल. ती मोटरच्या खोपीमागं गेली आणि अंगाभोवती लुगडं लपेटून बाहेर आली. विहिरीच्या पायऱ्यांशी आल्यावर तिनं ते लुगडं काढून दगडावर ठेवलं.

मायचे पाय मी उजेडात कधी बघितलेच नव्हते. गुडघ्याखाली उन्हानं करपलेले, भेगाळलेले, आणि गुडघ्याच्या वर चक्क उजळ. आमची दोघींची अंगकाठी सारखीच, त्यामुळे कापड तिला नेमकं बसलं होतं. तिरक्या शिवणीनं तिची कंबर बारीक दिसत होती. अप्पांचा हात मोटरच्या खटक्यावर तसाच राहिला.

"अवो, इकडं बघा," माय म्हणाली. ब्लाउज दाखवावा तशी ती एकदा पाठमोरी फिरली. "कुटं काय वंगाळ दिसतंय ते सांगा."

अप्पांनी खटक्यावरचा हात काढला. मला वाटलं, आता ते तिला मारतात की काय. त्यांनी कधी हात उचलला नव्हता, पण अशी वेळही कधी आली नव्हती. तेवढ्यात मायनं उडी टाकली.

ती वर आली आणि हात मारायला लागली, आणि मला काहीतरी वेगळं दिसलं. माय आजवर एका हातानं पोहायची. तिची तीच तऱ्हा असं मी समजत होते. तिचा दुसरा हात जन्मभर फुगून वर येणारा परकर खाली दाबण्यात गुंतलेला होता, हे मला त्या सकाळी कळलं. आता दोन्ही हात मोकळे होते. या कडेपासून त्या कडेला ती सरसर गेली, परत आली, पुन्हा गेली. ती स्वतःच चकित झाली होती. "आगं, पाणी धरंनाच मला!" ती खालून ओरडली आणि पोरीसारखी हसली.

अप्पा कठड्याला टेकून बघत होते. शेवटी त्यांनी खाली वाकून विचारलं, "काखंत काचतंय का?"

"न्हाई."

"मागून चढतंय का?"

"न्हाई म्हणलं की!"

ती वर येऊन लुगडं गुंडाळेपर्यंत ते थांबले आणि मगच त्यांनी मोटर सुरू केली. मला हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मायनं कॉस्च्युम पिळून माझ्या हातात दिला.

त्यांनी अडवलं नाही म्हणून परीक्षेच्या दिवशी मी निघाले, तर गुलबर्ग्याच्या बसमध्ये अप्पाही न सांगता चढले आणि पुढच्या बाकावर बसले. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळेना. ऐन वेळी हात धरून घरी नेतील ही भीती तलावापर्यंत माझ्यासोबत आली. तलावाच्या एका बाजूची भिंत पडलेली होती आणि त्या खिंडाराशी रिकामटेकडी माणसं जमली होती. मॅडम कानडीत ओरडल्या की पांगायची आणि पुन्हा जमायची. मी टॉवेल गच्च धरून उभी होते. अप्पांना शोधलं तर आईबापांसाठी टाकलेल्या बाकांवर ते नव्हते. त्यांना बघवलं नाही, निघून गेले, असं मी समजले. फार लागलं मनाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी टॉवेल टाकला आणि त्याच रागात उडी घेतली.

वेळेच्या आत पोहोचले. मॅडमनी पाठ थोपटली. कपडे बदलून, ओले केस तसेच ठेवून मी बाहेर धावले, तर अप्पा त्या खिंडारात उभे होते. तलावाकडं पाठ, रस्त्याकडं तोंड, आणि उन्हाची छत्री उघडून आडवी धरलेली. पलीकडं कुणी उरलं नव्हतं.

"पास झाले अप्पा. बघितलात का?"

"न्हाई."

"मंग आलात कामून?" मला रडूच फुटलं.

त्यांनी छत्री मिटली. उभं राहून राहून त्यांचे पाय अवघडले होते. "तू बघण्यासारखंच पवली असशील," ते म्हणाले. "म्या बघणाऱ्यांकडं बघायलो होतो."