साखरेच्या झाडाचं पुस्तक

चौसाळ्याहून मी निघाले तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीच्या बाजूने ओढ्यापर्यंत चालत आले होते. गाडीने बार्शी, बार्शीहून रेल्वे, आणि रेल्वेने हैदराबाद, असा तो प्रवास होता. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा शहरात एका धान्याच्या अडतीवर कामाला होता, आणि मला न्यायला त्याचे चुलते आले होते. ओढ्याशी अप्पांनी बैल थांबवायला लावले. आता ते काहीतरी मोठं बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "गळ्यातलं लिंग जप. बाकी समदं बाजारात भेटतं." आणि वळून लगबगीने परत गेले, कारण दुकान उघडं टाकून आले होते.

निजाम सरकारची हद्द संपते त्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायाने माझी पेटी उपसली. दोन लुगडी, शेंगदाण्याची चटणी, आणि आईने फडक्यात बांधून दिलेला गूळ. त्याने गुळाचा खडा मोडून तोंडात टाकला आणि "जाओ" म्हणाला. मला त्या खड्याचं फार वाईट वाटलं. अप्पांना सोडताना जे रडू आलं नव्हतं ते तिथे आलं.

तुम्ही जे गावी राहिलात ते म्हणता, पारू शहरात गेली आणि सुटली. माझ्यासारख्या ज्या निघून गेल्या त्या म्हणतात, तुला तरी माहेर आहे. दोघांनाही उत्तर देऊन देऊन मी थकले आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

तिसऱ्या वर्षी नवरा तापात गेला. अप्पांचा निरोप आला, ये. मी गेले नाही. गेले असते तर वर्षभरात कुणाशी तरी पाट लावून दिला असता, आणि पुन्हा कुठल्या तरी परक्या चुलीची फुंकणी हातात आली असती. चाळीतल्या एका बाईच्या ओळखीने मुलींच्या एका बोर्डिंगात काम मिळालं. आधी भांडी, मग मुलींच्या वेण्या, मग पुस्तकांचं कपाट. बोर्डिंगाच्या बाईंना आम्ही मिसबाई म्हणायचो. त्या क्यानडा देशातल्या. हे मी गावी सांगितलं तेव्हा माझा थोरला भाऊ, मन्मथदादा, खूश झाला. कानडी मुलुखातली बाई म्हणजे आपल्या लिंगायत मठाच्या ओळखीपाळखीतली असणार, असं त्याला वाटलं. त्याचा हा समज मी बरेच दिवस मोडला नाही. मोडून काय मिळणार होतं?

मिसबाईंच्या बहिणीकडून दरवर्षी आगबोटीने एक खोकं यायचं, मुलांच्या पुस्तकांचं. ती वाळवीपासून जपायची आणि मराठी मुलींना त्यातल्या गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. त्यासाठीच मिसबाईंनी मला इंग्रजी शिकवलं. कोणत्या वयाच्या पोरीला कोणतं पुस्तक द्यावं, हे आजही मला झोपेतून उठवून विचारा. अगदी लहानग्यांना नदीवर बांध घालणाऱ्या त्या दातऱ्या जनावराचं द्यावं, त्यात कुणी मरत नाही. अस्वलाच्या पिलाचं पुस्तक घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलीला चुकूनही देऊ नये. त्या पिलाला आई शेवटपर्यंत सापडत नाही. थोरल्या मुलींना बर्फात गाडलेल्या एका खोलीत एकटीने शाळा चालवणाऱ्या तरण्या मास्तरणीचं द्यावं. ते वाचून आमच्या एका मुलीने लग्नच नको म्हणून हट्ट धरला, तिचा बाप येऊन माझ्यावर डाफरून गेला, तरी मी ते देत राहिले. आणि कोणत्याही वयाला, अगदी म्हाताऱ्यांनाही, साखरेच्या झाडाचं.

त्या देशात म्हणे एक झाड असतं. हिवाळा सरत आला की त्याच्या खोडाला भोक पाडून खाली भांडं लटकवतात. थेंब थेंब रस गळतो. तो मोठ्या कढईत आटवून साखर करतात, शेजारपाजार जमतो, पोरं कढईभोवती घोटाळतात. पहिल्यांदा ती चित्रं पाहिली तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. वडाच्या मळ्यातलं आमचं गुऱ्हाळच होतं ते, फक्त जमीन पांढरी होती आणि माणसं गोरी होती.

अप्पा गेल्यावर दुकान दादाकडे आलं होतं. त्याच्या थोरल्या मुलीचं नाव गंगा. गावच्या शाळेत उर्दू चालायची आणि तिथे मुली बसत नसत. पण मठातल्या स्वामींनी तिला पोथी वाचण्यापुरती अक्षरं शिकवली होती, आणि ती पोरगी पुड्या बांधायच्या कागदावरचंही वाचत बसायची. तिला माझ्याजवळ शिकायला पाठव म्हणून मी दादाच्या मागे लागले होते. मला मूल नव्हतं. हे मी दादाला बोलून दाखवलं नाही, पण त्याला ठाऊक होतं. शेवटी तो म्हणाला, "कपिलधारची यात्रा झाली की ने. पर आदी तिला त्या इंग्रजी गोष्टी झेपत्यात का बग."

म्हणून मी मिसबाईंकडे साखरेच्या झाडाचं पुस्तक मागितलं. प्रत्येक चित्राखाली मराठीच्या पट्ट्या लिहून खळीने चिकटवल्या. त्यात माझी आठ-पंधरा दिवसांची दुपारची झोप गेली. झाडाला मराठीत नाव नव्हतं, म्हणून "साखरेचं झाड" लिहिलं. भांडं लटकवल्याच्या चित्राखाली, पोरीला नीट कळावं म्हणून, पदरची एक ओळ घातली: "आपल्याकडे शिंदीला मडकं लावतात तसं."

आता शिंदी म्हणजे काय हे आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण शहरात जन्मलेल्या पोरांसाठी सांगते. ओढ्याकाठी खुजी, काटेरी खजुरीसारखी झाडं असतात. त्यांचा रस मडक्यात धरतात, तो आंबला की लोक पितात आणि तर्र होतात. प्रत्येक झाडावर आबकारीचा, म्हणजे सरकारच्या दारूखात्याचा, नंबर. परवानगीवाचून झाडाला कोयता लावला की गुन्हा. आणि आम्ही लिंगायत वाणी, आमच्या घरात शिंदीचं नाव घेतलं तरी चूळ भरायला लावायचे. हे सगळं मला माहीत होतं. पण मी इतकी वर्षं बाहेर होते, की लिहिताना मला त्या झाडाचं फक्त मडकं आठवलं.

पुस्तक मी गावी धाडलं आणि गंगाने ते वाचलं. एकदा नाही, पाठ होईपर्यंत वाचलं. मग थंडीच्या दिवसांत कुंभाराकडून कोरं मडकं आणलं, कारण पुस्तकात भांडं कोरं होतं. मैत्रिणीला घेऊन ओढ्यावर गेली, नंबर नसलेलं एक बुटकं झाड निवडलं, आणि विळ्याने छेद देऊन मडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी पहाटे रस काढून आणला, परसात तीन दगडांवर आटवला. तोवर कुणाला काही कळलं नाही. मडकं तिने पुन्हा जाऊन बांधलं. पुस्तकातही पुन्हा बांधतात. त्या दिवशी आबकारीचा जवान ओढ्याने आला.

जवान तसा वाईट नव्हता. मडक्याचा माग काढत तो थेट दुकानावर आला आणि भरल्या गिऱ्हाइकांत म्हणाला, "सावकार, वाण्याच्या घरात शिंदी कशापायी?" त्याला हसू आवरत नव्हतं. पुढे पोरीचं वय पाहून त्याने प्रकरण मिटवलं. पण गाव कुठे मिटवतं? "मन्मथअप्पा, मीठमिरचीसंगं मडकी बी ठिवा की आता," असं येताजाता माणसं म्हणू लागली. दादाने मला निरोप धाडला, ये. या वेळी मी गेले.

दादाने बसायलाही सांगितलं नाही. पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"शिंदीचं नाव कुणी लिवलं?"

"मी."

"आन् त्याच घरात पोर धाडू म्हनतीस?"

"दादा, ताजा रस गोड असतो. आंबायच्या आधी तो..."

"मला शिकवू नको, पारू. तू गेलीस तवा अप्पानं काय सांगितलं व्हतं?"

मी गळ्यातली चौकोनी चांदीची पेटी काढून दाखवली. लिंग होतं जागच्या जागी. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

प्रकरण मठात गेलं. स्वामी म्हणाले, आधी पुस्तक वाचून दाखव. मी वाचलं. दादा खांबाला टेकून बसला होता, गंगा बायकांत मागे. वाचून झालं. मग दारात बसलेले एक म्हातारे म्हणाले, "तिकडं आबकारी न्हाई काय?" मी म्हटलं, पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही. "म्हंजी झाड बी त्येंचं आन् रस बी त्येंचाच?" मी हो म्हटलं. म्हातारे बराच वेळ मान हलवत राहिले. त्यांना गोष्टीतलं सगळ्यात मोठं नवल तेच वाटलं.

स्वामींनी न्याय दिला: पुस्तक चांगलं आहे, राहू द्या, ती ओळ तेवढी खरवडा. दादाने चाकू आणला आणि मी माझ्या हाताने ती ओळ खरवडली. खळ पक्की बसली होती, कागद सालासारखा निघाला. मला वाटलं, आता राग गेला असेल. मी गंगाचं विचारलं. दादा म्हणाला, "तिला बगायला दिंद्रुडचे लोक येनार हायेत." आवाज चढवला नाही. त्यामुळेच मला कळलं की आता बोलून उपयोग नाही.

निघताना गंगा गाडीपर्यंत आली. तिने पळसाच्या पानाची पुडी माझ्या हातात कोंबली. "आत्या, झाला व्हता गूळ," ती म्हणाली. "समदे मडक्याचंच बोलले. गूळ झाला का, कुणी इचारलंच न्हाई."

पुडीत बोराएवढा काळसर खडा होता. हैदराबादेपर्यंत मी तो उघडला नाही. पुस्तक मागितलं तेव्हा मिसबाईंनी "मुलगी कधी येणार" असं विचारलं होतं. आता ती येणार नाही, हे सांगताना मी ती पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळी हकीगत सांगितली. त्या आधी हसल्या. मग त्यांनी खड्याचा कण जिभेवर ठेवला, आणि हसायच्या थांबल्या. खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "हे माझ्या आईच्या घरचं आहे." चव तीच होती म्हणे, तंतोतंत नाही, पण तीच. त्यांना देश सोडून किती वर्षं झाली होती मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, घर सोडून आलेली त्या बोर्डिंगात मी एकटीच.

उरलेला खडा मी तोंडात टाकला. अप्पांची आठवण आली, पण भीती वाटली नाही. मला मात्र त्यात ना आईचा गूळ लागला, ना कुठलं घर. नुसता धूर लागला, आणि गोड.

गंगाला दिंद्रुडलाच दिलं; लग्न चौसाळ्यात लागलं, मी जाऊन अक्षता टाकल्या. मिसबाई पुढे आपल्या देशी गेल्या, खोकी यायची थांबली, कपाट माझ्याकडे राहिलं. नव्या आलेल्या बाई दर जूनला विचारतात, मुलींना काय वाचायला द्यावं, आणि मी तीच जुनी पुस्तकं काढून देते. साखरेच्या झाडाचं पुस्तक गावीच राहिलं, त्याची जागा रिकामी आहे. चौसाळ्यालाही जाऊन येते कधीमधी. तिथे मला पाटावर बसवून वाढतात, म्हणजे पाहुणी झाले. इथे सणाला मुली विचारतात, बाई, तुम्ही घरी नाही जात? गाडीत बसलं की दोन्ही टोकांना कुणी वाट पाहत नसतं, हे या वयात फार जाणवतं. गुडघे दुखतात ते वेगळंच.

यंदा दादा गेला. चौसाळ्याला घरच्यांना भेटून परतताना गंगाने गाडी पाठवली, म्हणून वाट वाकडी करून दिंद्रुडला गेले. दुकानात ती तागडी धरून बसली होती, केस पिकायला लागलेले. "आत्या, बस की," म्हणाली आणि गिऱ्हाइकाला तूरडाळ घालत राहिली. आत पोत्यांवर तिची मुलगी शेजारची पोरं जमवून मोठ्याने वाचत होती. आवाज ऐकला आणि मी ओळखलं. शब्द माझेच होते.

पुस्तकाचा पुठ्ठा गेला होता, जाड दोऱ्याने शिवलं होतं. पानांना मिरचीचा वास. मी चष्मा लावून ते भांड्याचं पान काढलं. मी खरवडलेली जागा तशीच ओबडधोबड होती, आणि तिच्यावर गंगाच्या ठसठशीत अक्षरात, शाई फुटलेली, लिहिलं होतं: "आपल्याकडं शिंदीला मडकं लावत्यात तसं. मी लावून बघितलंय. गूळ व्हतो."

मी तिथेच पोत्यावर बसले. पोरं सरकून जागा देत म्हणाली, आज्जी, पुढचं तुमी वाचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं, आणि दिंद्रुडला तर मी त्याआधी कधी आलेच नव्हते.