वाटेवरचा डबा

मूल गावाजवळच्या राइस मिलमध्ये आमच्या गावचा एक तरुण विजेच्या मोटारी दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहीत बसतो. प्रोग्रॅम चालला नाही तर चिडत नाही. "माहीच चुकी असन," म्हणतो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागतो.

यंदा मोहफुलं वेचायच्या दिवसांत त्याने आमच्या गावच्या जंगलवाटेवर एक डबा बसवला. मोठं जनावर समोरून गेलं की गावातल्या लोकांच्या फोनवर संदेश यायचा. दोनदा वाघ आल्याचं आधीच कळलं, तेव्हा मी शाळेत त्याचा सत्कारच ठरवून टाकला.

मग एका पहाटे त्याला त्या वाटेवर एक बाई टोपली घेऊन एकटीच जाताना दिसली.

"एकटी काऊन आली, बाई?"

"तुमची मशीन बोलली नाई ना, भाऊ," ती हसून म्हणाली.

मशीन बोलणार कशी? रात्रीपासून तिथे रेंजच नव्हती. त्याने बाईला घरी पोचवलं आणि परत जाऊन डबा काढून आणला.

"दुरुस्त करता आला असता," मी नाराजीने म्हणालो.

"करूनच राह्यलो ना, सर. पण तवरक लोकं त्याच्याच भरवशावर जातीन."

मग डबा काढल्याचं सांगत तो घरोघर फिरू लागला. एवढी पायपीट कशाला, सगळ्यांना फोनवर संदेश टाक, असं मी सुचवलं.

"अन् ज्याले नाई पोचला, त्याचं काय?"

गल्लीच्या पलीकडच्या बाजूची घरं मी सांगायला घेतली.