मान वर करायची घाई

मी दातांची डॉक्टर. टिळकवाडीत माझा दवाखाना आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यावर माझी मान आणि उजवा खांदा इतका आखडला, की सकाळी वेणी घालायला हात वर जाईना. गोळ्या झाल्या, शेक झाला, तेल झालं. शेवटी दाढ काढून घ्यायला आलेल्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यांनी तोंडात कापूस तसाच धरून मला सांगितलं, "गोल्फ खेळा." मला वाटलं, भुलीत बोलताहेत. पण पुढच्या रविवारी सकाळी ते खरंच गाडी घेऊन दारात हजर झाले.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. जन्म निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची आणि दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहायचो. त्यामुळं मैदानाच्या फाटकातनं आत गेल्यावर मला खेळ दिसलाच नाही, दिसली ती जमीन. गावाबाहेरच्या तांबड्या चढावर पसरलेली एवढी मोकळी जमीन, आणि तिच्यात पेरलेलं काहीच नाही. लांबवर सात-आठ माणसं, मुंग्यांएवढी. कुणीतरी येऊन "काय पायजे?" म्हणून विचारील असं वाटून मी पर्स पोटाशी धरली. एक म्हातारा गवतातनं माझ्याकडं आला खरा. डोक्याला पटका, हातात खुरपं.

"बाई, पाय जपून टाका. दव लई हाय, घसरशीला," एवढंच म्हणाला आणि पुढं गेला.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. सांबरे गावाजवळच्या एका शेतकरी घरातले. मिसरूड फुटलं तेव्हा इथं गवत कापायच्या कामाला लागले, ते आता पटक्याखाली सगळं पांढरं झालं तरी रोज पहाट फुटताच सायकलवर येत. घरची दोन एकर थोरला मुलगा बघायचा.

फौजी साहेबांनी मला काठी कशी धरायची, उभं कसं राहायचं, कंबर कशी फिरवायची ते दाखवलं. दोन महिन्यांत चेंडू लागायला लागला. पण कुठंही नेम धरला तरी तो थोडा सरळ जाऊन उजवीकडं वळायचा आणि सुरूच्या झाडांत शिरायचा. मी डावीकडं तोंड करून उभी राहिले, तर आणखी वळायचा. सबंध सकाळ मी झाडांच्या बुंध्याशी चेंडू शोधत फिरायची. मान सुटली, पण त्या चेंडूनं माझी झोप उडवली.

मी एकटीच अशी नव्हते, एवढाच दिलासा. आमच्यात मच्छे गावातले एक कारखानदार होते. त्यांच्या कारखान्यात यंत्रांचे भाग घडतात. केसाएवढा फरक पडला तरी माल बाजूला काढणारा हा माणूस मैदानावर आला, की पिशवीतली सगळ्यात लांब काठी उपसायचा. तिसऱ्या भोकाच्या वाटेत एक ओढा आहे. दोन टोल्यांत आरामात पार होतो. हे दर रविवारी एका टोल्यात मारायला बघायचे, आणि चेंडू दर रविवारी पाण्यात जायचा. स्वतः फौजी साहेब लांबचा टोला असा मारायचे की बघत राहावं. पण भोकापासून दोन पावलांवर चेंडू आला की त्यांचा नेम हमखास चुकायचा. आयुष्यात काय काय बघितलेला माणूस, पण त्या दोन पावलांना भ्यायचा. हे त्यांनीच मला सांगितलं.

पौषातला एक रविवार होता. धुकं एवढं, की वरनं गेलेल्या विमानाचा नुसता आवाज आला. मी पहिला टोला मारला, चेंडू धुक्यात गेला, आणि मी हातमोजा विसरले म्हणून गाडीकडं परत गेले. येऊन बघते तर आप्पा मी उभी होते त्या जागेवर खाली वाकून गवताकडं बघत होते.

"बाई, तुमचा चेंडू उजवीकडं सुरूत गेला न्हवं?"

"तुम्ही बघितलात?"

"न्हाय वो. मी आत्ताच ओढ्याकडनं वर आलो."

"मग कसं कळलं?"

त्यांनी खुरप्याच्या टोकानं दाखवलं. पांढऱ्या दवात माझ्या दोन पावलांचे हिरवे ठसे पडले होते. डावा फिक्कट, नुसता शिवल्यासारखा. उजव्याची टाच मात्र मातीपर्यंत रुतलेली.

"ह्ये बगा. मारताना सगळा भार मागच्या टाचंवरच ऱ्हायला. पुढच्या पायावर तुमी आलाच न्हाईसा. अंग मागं आणि हात पुढं पळत्यात. मग चेंडू उजवीकडं पळणारच की."

वर्षभर मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं. मी त्या ठशांकडं बघत राहिले. आपल्याच पावलांनी आपली चुगली करावी तसं वाटलं.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा कारखानदार हसले. "आप्पा झाडाआडनं बघत असतील."

"बघून घ्या मग," फौजी साहेब म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही लवकर गेलो. आप्पांना अवजारांच्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं. कोऱ्या दवावर तिघांनी आळीपाळीनं वेगवेगळ्या जागी उभं राहून टोला मारला आणि बाजूला झालो. मी मुद्दाम पुढच्या पायावर भार टाकून मारला. मग आप्पांना हाक दिली.

ते आले. घाई नाही, काही नाही. पहिल्या जागी उकिडवे बसले. "ह्ये साहेब. सरळ गेलाय. लांब." दुसऱ्या जागी त्यांनी बोटानं गवत बाजूला सारलं. "ह्यांनी लई जोर लावला. पुढचा पाय फिरून घसरलाय. चेंडू वर उठला न्हाय. भुईवरनं डावीकडं गेला." कारखानदारांचा चेहरा उतरला, कारण अगदी तसंच झालं होतं. तिसऱ्या जागी ते जरा थांबले. "ह्ये बाईंचं पाय न्हवंत..." मग त्यांनी मान कलती केली. "न्हाय, बाईंचंच. पर आज टाच उचललीया. सरळ गेला आसंल. लई लांब न्हाय."

माझा चेंडू सरळ गेला होता, आणि शंभरेक पावलांवर पडला होता.

"हे शिकलात कुठं?" फौजी साहेबांनी विचारलं.

"शिकतोय कुठलं? बैल कुठल्या पायावर जड पडतोय ते मातीत दिसतंय. बाप दाखवायचा. लंगडायच्या आधी चार दिस दिसतंय. माणसाचं काय येगळं?"

त्या दिवसापासनं आम्ही तिघं खेळायच्या आधी आप्पांना विचारायला लागलो. मी काठी आवळून धरायची, तेव्हा ते म्हणाले, "कासरा ओढून धरला की बैल मान टाकतंय. ढिला सोडला की शेजारच्या रानात. मधी धरा." कारखानदारांना ओढ्याबद्दल त्यांनी सांगितलं, "आण्णा, ओढा तुमाला बोलवत न्हाय. तुमीच जातासा." कारखानदार ऐकून घ्यायचे आणि पुन्हा लांब काठी काढायचे. पण निदान आता काढताना आमच्याकडं बघायचे.

मग आमच्या मैदानाची जोडीनं खेळायची छोटी स्पर्धा झाली. माझ्या जोडीला फौजी साहेब होते. मी त्या दिवशी जन्मात खेळले नव्हते तशी खेळले. टाच उठत होती, हात मोकळे होते, एकही चेंडू सुरूत गेला नाही. शेवटच्या भोकाशी माझा चेंडू दोन पावलांवर येऊन थांबला. तो आत ढकलला की आमची जोडी पहिली. मी दिवसभर सुईएवढ्या हत्यारानं दातांची मुळं साफ करणारी बाई. माझा हात हलत नाही, अशी माझी गावभर ख्याती. मी श्वास घेतला, चेंडू हलकेच ढकलला, आणि तो भोकाच्या काठाला शिवून पलीकडं गेला.

फौजी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना त्या दोन पावलांची ओळख होती.

सगळे चहाला गेल्यावर मी आप्पांना गाठलं. "काय चुकलं? पाय?"

"पाय बेस होतं. चेंडू हालायच्या आदी तुमी भोकाकडं बगितलासा. मान वर केली की खांदा उठतोय, खांदा उठला की काठी वाकडी. सगळीच करत्यात. साहेब करत्यात, आण्णा करत्यात. कुणाला दम निघत न्हाय."

मला काय झालं कळलं नाही. रागही असेल थोडा. मी काठी त्यांच्यापुढं धरली. "तुम्ही मारून दाखवा."

ते दोन पावलं मागं सरले. "न्हाय वो बाई. मी कवा हात लावल्याला न्हाय."

"कधीच नाही?"

"कशाला लावू? माझं काम गवताचं."

चहाचा कप घेऊन आलेले कारखानदार म्हणाले, "डॉक्टर, कामगारांनी खेळू नये असा नियम आहे इथं." वाईट हेतूनं नव्हे, नियम सांगावा तसं. मला मात्र पहिल्या दिवशी पोटाशी धरलेली पर्स आठवली. फौजी साहेब मागनं आले. "सरावाच्या पट्ट्यावर चला," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर मी उत्तर देईन."

पट्ट्यावर नुकतंच पाणी मारलेलं होतं. आप्पांनी चपला काढून कडेला ठेवल्या. काठी घेतली. उभे राहिले ते इतके नेटके, की मला वाटलं आता काहीतरी अचाट बघायला मिळणार. इतकी वर्षं बघून बघून या माणसाच्या अंगात सगळा खेळ उतरला असणार. त्यांनी काठी मागं नेली, फिरवली, आणि ती नुसती वाऱ्यातनं गेली. चेंडू जागच्या जागी. मान मात्र पार वर, झाडांच्या शेंड्याकडं, न उडालेल्या चेंडूला शोधत.

दुसऱ्यांदा चेंडूच्या डोक्याला काठी लागली आणि तो चार हातांवर घरंगळला. मान पुन्हा वर.

कारखानदारसुद्धा हसले नाहीत. आप्पा काठीकडं बघत उभे होते. मग खाली बसले, स्वतःचे अनवाणी ठसे निरखले, आणि मला त्यांचा आवाज बदललेला वाटला.

"टाच मागंच हाय की वो. मला ठावं हाय, तरीबी." त्यांनी टाचेच्या ठशावरनं बोट फिरवलं. "बाई, मी लई जणांस्नी बोललो. आत काय हुतंय ते मला आज कळलं. चेंडू जायच्या आदीच जीव पुढं पळतोय. कुणीतरी मानंला धरून वर ओढल्यागत."

मी पुष्कळ डॉक्टर, वकील, प्राध्यापक बघितलेत. आपल्याला सगळं येतं असं दुसऱ्यांनी मानलेलं असताना, चारचौघांत, जमिनीवर बसून असं बोललेला माणूस मी बघितला नव्हता. त्यांच्या शेजारी मीही गवतात बसले. साडी ओली झाली.

पुढच्या रविवारी मी आले तेव्हा सरावाच्या पट्ट्यावर फौजी साहेबांची एक जुनी काठी घेऊन आप्पा उभे होते. साहेबांनीच ती देऊन ठेवली होती. तेव्हापासनं गवताच्या कामातनं उसंत मिळाली की रोज दहा चेंडू, असा त्यांनी नेम केला. दहाच. अकरावा नाही. मी रविवारी शेजारी उभी राहून दहा मारायची. ते माझे ठसे बघायचे, मी त्यांचे. मला फार काही वाचता यायचं नाही, पण टाच तेवढी दिसायला लागली. कधी त्यांचा चेंडू उडायचा, पण ओळखीच्या वाटेनं उजवीकडं. ते मान हलवायचे. "म्हातारा मागंच ऱ्हातोय," म्हणायचे.

असं उन्हाळाभर चाललं. गवत वाळलं, ठसे पडेनासे झाले, मग पाऊस येऊन गेला, पुन्हा हिरवं झालं. दसऱ्याच्या आधीचा रविवार असेल. आम्ही तिघं खेळ संपवून पट्ट्याशी उभे होतो. कारखानदारांनी त्या दिवशी ओढा दोन टोल्यांत पार केला होता आणि ते तीन-तीनदा सांगत होते. आप्पांचा सातवा की आठवा चेंडू होता. त्यांनी काठी मागं नेली आणि जरा थांबले, नांगर वळवताना थांबावं तसे. मग अंग फिरलं. आवाज असा आला, की कारखानदार बोलायचे थांबले.

चेंडू उठला. आधी खालनं, भुई धरून, मग वर, आणखी वर. सरळ रेषेत तो सुरूच्या शेंड्यांना डावलून गेला, वर उन्हात एक ठिपका झाला, तिथं क्षणभर टांगल्यासारखा राहिला आणि मग कितीतरी लांब, पट्ट्याच्या पार टोकाला उतरला. फौजी साहेबांनी टोपी काढली. मी तोंडावर हात ठेवला होता. आमच्यापैकी कुणीही कधी असा टोला मारला नव्हता.

आप्पा मात्र अजून खाली बघत होते. जिथं चेंडू होता त्या रिकाम्या जागेवर, हनुवटी छातीशी, डोळे गवताला खिळलेले. मान वर झालीच नव्हती.

"गेला का?" त्यांनी खालीच बघत विचारलं. "कुटं गेला?"

फौजी साहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, "चला, आप्पा. दाखवतो."

आम्ही चौघं पट्ट्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. खूप चालावं लागलं. चेंडू कडेच्या उंच गवतात सापडला. आप्पांनी वाकून तो उचलला, धोतराला पुसला, तळव्यावर धरून उलटसुलट बघितला. मग मागं वळून, आपण कुठनं आलो ते बघितलं. पट्ट्याच्या त्या टोकाला काढून ठेवलेल्या त्यांच्या चपला बारक्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या.

"एवढ्या लांबनं?" ते म्हणाले, आणि हळूच चेंडू माझ्या हातात दिला. गवत अजून दोन वाफे कापायचं राहिलं होतं. ते तिकडं गेले.